हेडलाइट घासून झाला. आता त्यावर काय लावणार?

प्रश्न थोडक्यात असा आहे. २०१३ सालची छोटी हॅचबॅक, हॅलोजनचे दिवे. दोन्ही हेडलाइटच्या काचा पिवळट झाल्यात, ड्रायव्हरच्या बाजूची जास्त. मागच्या वर्षी टूथपेस्ट लावून घासल्या तेव्हा लख्ख झाल्या, पण चार महिन्यांत पुन्हा गढूळ. आता तर आधीपेक्षा वाईट दिसतात. गॅरेजवाला म्हणतो, दोन्ही दिवे नवीन टाका. गणपतीला सांगलीहून आंबा घाटातून रत्नागिरीकडे रात्रीचं उतरायचंय. बदलू, घासू, की तसंच जाऊ?

तसंच जाऊ नका. बदलायचीही घाई नको, बहुतेक तरी. पण टूथपेस्टने चार महिने काढले आणि मग दिवा आधीपेक्षा वाईट का झाला, हे आधी समजून घ्या, नाहीतर पुढच्या वर्षी हाच प्रश्न घेऊन पुन्हा याल. मी कोल्हापुरात वीसेक वर्षं डेंटिंग-पेंटिंगच्या धंद्यात आहे. हेडलाइट घासून देणारे आता गल्लोगल्ली झालेत आणि घासणं खरं सांगायचं तर कुणालाही जमतं. घासल्यावर त्या काचेवर काय बसवायचं, तिथे अक्कल आणि पैसे लागतात. नेमकी तीच पायरी गाळली जाते.

आपण काच म्हणतो, पण ती काच नाही. पद्मिनी, अँबेसेडर यांचे गोल दिवे खऱ्या काचेचे होते. खडा लागला की तडकायचे, पण पिवळे कधी पडत नसत. भंगारबाजारात आजही तसला दिवा मिळाला तर धुतला की आरपार दिसतो. अमेरिकेत १९८३ मध्ये नियम बदलला आणि गाडीच्या अंगावर बेतलेले, प्लॅस्टिकच्या काचेचे दिवे येऊ लागले. हलके, पाहिजे त्या आकाराचे, सहज न फुटणारे. पुढे आपल्याकडेही तेच आले. हे प्लॅस्टिक म्हणजे पॉलिकार्बोनेट. हातोडी मारली तरी सहसा फुटत नाही असा मजबूत माल, पण त्याला दोन गोष्टी सोसत नाहीत: ऊन आणि ओरखडा. म्हणून कारखान्यातच त्यावर एक कडक पारदर्शक लेप देतात. जाडी असते दहा-पंधरा मायक्रॉनच्या आसपास. आपला केस साधारण सत्तर मायक्रॉनचा, यावरून अंदाज घ्या.

गाडी पाच-सात वर्षं उघड्यावर उभी राहिली की हा लेप थकतो. कुठे बारीक तडे जातात, कुठे खपली निघते. मग उन्हातले अतिनील किरण थेट पॉलिकार्बोनेटला भिडतात आणि त्याचा वरचा पापुद्रा पिवळा पडत जातो. खराबी फक्त या वरच्या पापुद्र्यातच असते. खाली दोन-तीन मिलिमीटर माल शाबूत असतो, म्हणून तर घासून काच परत मिळते.

आता तुमच्या टूथपेस्टकडे येऊ. टूथपेस्टमध्ये दात घासायला बारीक खरखरीत पूड असते, ती सौम्य पॉलिशचं काम करते. तुम्ही मेहनतीने वरचा मळ आणि पिवळेपणा काढलात, पण त्याबरोबर उरलासुरला लेपही पातळ केलात. आणि नंतर वर काही लावलं नाही. म्हणजे उन्हापासून जे थोडंफार संरक्षण शिल्लक होतं तेही गेलं आणि उघडं प्लॅस्टिक तुम्ही सांगलीच्या एप्रिल-मेमध्ये उभं केलंत. चार महिने टिकलं हेच जास्त.

काम काढण्याआधी पाच मिनिटांची तपासणी करा. बोनेट उघडा आणि काचेची अगदी वरची, बोनेटच्या ओठाखाली झाकली जाणारी अर्ध्या इंचाची पट्टी बघा. बहुतेक गाड्यांत ती पट्टी अजून नव्यासारखी नितळ असते. ती नितळ आणि बाकीची काच पिवळी असेल तर दोष उन्हाचा आहे आणि बाहेरून आहे, म्हणजे काम होण्यासारखं आहे.

दुसरं, काचेवर मगभर पाणी ओता आणि ओली असतानाच आत बघा. ओली असताना काच एकदम स्वच्छ दिसली आणि सुकताना धुरकटपणा पुन्हा चढत गेला, तर खूश व्हा. बाहेरचा पृष्ठभाग खडबडीत झालाय, पाण्याने त्या खाचा तेवढ्यापुरत्या भरल्या, इतकंच. घासल्यावर साधारण तसंच दिसणार. ओली करूनही आतला आरसा धूसरच दिसला तर दुखणं एकतर खोलवर आहे किंवा आतल्या बाजूला. मी गिऱ्हाइकासमोर ही पाण्याची परीक्षा घेतल्याशिवाय भाव सांगत नाही. नंतरची वादावादी टळते.

आतल्या बाजूच्या भानगडी वेगळ्या. पावसाळ्यात सकाळी काचेच्या आत हलकं दव दिसलं आणि दिवा लावल्यावर अर्ध्या तासात उडालं, तर काळजी नको. दिव्याला हवा खेळायला बारीक नळ्या असतात, त्यातून दमट हवा आत-बाहेर होणारच. पण थेंब ओघळत असतील, तळाला पाणी साचत असेल, तर कुठेतरी सील गेलंय. आणि हे सांगताना मला दरवेळी राग येतो: निम्म्या गाड्यांत बल्बच्या मागचं रबरी टोपण जागेवर नसतं. बल्ब बदलताना कुणीतरी काढलं, बसवायचा कंटाळा केला, फेकून दिलं. त्या भोकातून धूळ आणि वाफ आत जाते, आतला चकचकीत आरसा काळवंडतो, आणि मग मालक बाहेरून काच घासत बसतो. तुमचं टोपण आहे का, आधी हात घालून बघा. नसेल तर शंभर-दोनशे रुपयांचं टोपण आधी, बाकी सगळं नंतर.

तिसरी गोष्ट काचेतले तडे. टॉर्च तिरका धरून बघितलं की काचेच्या पोटात कोळ्याच्या जाळ्यासारख्या चमकणाऱ्या रेषा दिसतात का? दिसत असतील तर ती काच घासू नका. हे तडे वरच्या पापुद्र्यात नसतात, घासून जात नाहीत. उलट पॉलिश झाल्यावर जास्त उठून दिसतात.

एकच बाजू जास्त पिवळी का, याचं उत्तर बहुतेक वेळा पार्किंगमध्ये असतं. रोज गाडी एकाच जागी, एकाच दिशेला तोंड करून उभी. डाव्या दिव्यावर भिंतीची किंवा झाडाची सावली, उजवा दिवसभर उन्हात. तसं नसेल तर एक दिवा आधीच कधीतरी बदललेला असतो आणि दोन्ही काचांचा लेप वेगळ्या दर्जाचा असतो. जुनी गाडी विकत घेताना मी हे आवर्जून बघतो. एक दिवा पिवळा आणि एक नवाकोरा, म्हणजे पुढून कुठेतरी ठोकलेली आहे का ते विचारा.

आता काय करू नये. धंद्याच्या सुरुवातीच्या दिवसांत मी एका गिऱ्हाइकाची काच घासून, पॉलिश करून, छान नितळ केली आणि शेवटचा तेलकटपणा काढायला सवयीने थिनरचा बोळा फिरवला. पत्र्यावर रोज फिरवायचो, त्यात काय एवढं. बोळा उचलला आणि काच माझ्या डोळ्यांदेखत फुलली: वरच्या कडेपासून खाली, बारीक बारीक पांढऱ्या रेषा, थंडीत ओठ फुटावेत तशा. आवाजसुद्धा नाही. तो दिवा मी स्वतःच्या खिशातून नवा आणून बसवला. पॉलिकार्बोनेटला थिनर, अ‍ॅसिटोन, पेट्रोल काही चालत नाही. साच्यातून काढतानाच त्यात ताण अडकलेला असतो, असा द्रव लागला की तो ताण तड्यांच्या रूपाने बाहेर पडतो. पुसायचंच असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल, मेडिकलमध्ये मिळतं.

डास पळवणारा स्प्रे मारून काच चमकवण्याचे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. त्यातल्या काही स्प्रेंमध्ये डीट नावाचं रसायन असतं, ते प्लॅस्टिकचा वरचा थर चक्क विरघळवतं. विरघळून सपाट झाला म्हणून चमकतो. पुढे चिकट होतो, धूळ धरतो, तडकतो. खोबरेल फिरवलं तर तेलाने खाचा भरतात, पाण्यासारखंच. डब्ल्यूडी-४० नेही तेवढंच होतं, पण ते पॉलिकार्बोनेटवर वापरू नका असं बनवणारी कंपनीच सांगते. दोन धुण्यांत गेलं.

वाफेचा कप हा नवा प्रकार. एका किटलीवजा कपात द्रव तापवतात आणि नळीतून निघणारी वाफ काचेवरून फिरवतात. दोन मिनिटांत काच अशी होते की बघणारा टाळ्या वाजवतो. कपातला द्रव बहुतेकदा क्लोरोफॉर्म किंवा डायक्लोरोमिथेनच्या जातीचा असतो, आणि तोही वरचा थर वितळवूनच सपाट करतो. कारखान्यांत पॉलिकार्बोनेटचे भाग असे वाफेने चमकवतात, पण तिथे बंद यंत्रं असतात, माल तापवून ताण काढून घेतलेला असतो. इथे पोरगं रस्त्याच्या कडेला तोंडाला रुमाल बांधून ती वाफ हुंगतंय. दिव्याचं सोडा, त्या पोराच्या यकृताचं काय होतं याचा विचार करा. शिवाय वाफ दिल्यावर उन्हापासून संरक्षण शून्य. मी हा कप आणला नाही, आणणारही नाही.

घासायचं कसं, ते आता नीट सांगतो, कारण घरी जमण्यासारखं आहे. सामान: वॉटर पेपर (ओला करून वापरायचा सँडपेपर, नंबर जितका मोठा तितका बारीक) ६००, ८००, १०००, १५००, २००० आणि मिळाला तर ३००० नंबरचा, मास्किंग टेप, पाण्याची बाटली, त्यात शाम्पूचे दोन थेंब, आणि एक सपाट पण थोडा मऊ रबरी ठोकळा. नुसत्या बोटांनी दाबून घासलं तर बोटांच्या जागी खोलगट नाल्या पडतात आणि रात्री भिंतीवर उजेडाच्या लाटा दिसतात.

आधी गाडी धुवा, काचेभोवती बोनेट आणि बंपरवर टेपचे दोन थर द्या. एक थर पुरत नाही, कागद कडेला जातोच, आणि मग हेडलाइटच्या कामात बंपरच्या रंगाचं काम वाढतं. पेपर वापरण्याआधी दहा मिनिटं पाण्यात भिजत ठेवा.

कुठल्या नंबरने सुरुवात करायची? लेपाच्या खपल्या निघत असतील तर ६००. नुसता धुरकटपणा असेल तर १००० ने सुरू करून बघा, काम भागलं तर उत्तम. ६०० ने आडवं घासा, सगळं आडवंच. पहिल्यांदा पिवळट दुधासारखं पाणी निघेल. तो जुना लेप आणि जळलेलं प्लॅस्टिक. हाताला पेपर अडखळल्यासारखा लागेल, मध्येच घसरेल. लेप जिथे अजून धरून बसलाय तिथे त्याची कड नकाशातल्या किनाऱ्यासारखी वेडीवाकडी रेघ दाखवते. ती रेघ पूर्ण नाहीशी होईपर्यंत पुढचा नंबर हातात घ्यायचा नाही. घाई होते ती इथेच. अर्धा लेप ठेवून पुढे गेलात तर पॉलिशनंतर काचेवर डाग डाग राहतात आणि पुन्हा पहिल्यापासून मांडायला लागतं. पाणी पांढरंशुभ्र येऊ लागलं, पेपर सगळीकडे सारखा फिरू लागला, की समजा खाली ताजा माल आलाय.

या टप्प्याला काच बाथरूमच्या दुधी काचेसारखी दिसते. गिऱ्हाइक शेजारी उभं असलं की त्याचा चेहरा बघण्यासारखा असतो. तुम्हीही घाबराल, घाबरू नका.

मग ८०० ने उभं घासा. उभं अशासाठी की आधीच्या आडव्या रेषा गेल्या की नाहीत ते दिसावं. एकही आडवी रेष उरली नाही की १००० ने पुन्हा आडवं. प्रत्येक नंबर बदलताना काच, ठोकळा, हात सगळं धुवा. ६०० चा एक कण १५०० च्या पेपरखाली सापडला तर तो सगळ्या मेहनतीवर पाणी फिरवतो.

इथून दोन वाटा फुटतात, आणि वर ज्याला अक्कल म्हटलं ती इथे लागते. काचेवर शेवटी काय बसवणार आहात, हे १००० च्या पेपरपाशीच ठरलेलं पाहिजे.

क्लिअर, म्हणजे वार्निशसारखा पारदर्शक थर, मारायचा असेल तर इथेच थांबा. पॉलिश करू नका. गाडीच्या रंगावर जो क्लिअर मारतात, हार्डनर मिसळून वापरायचा टू-के क्लिअर, तोच इथे लागतो. त्याला पकड धरायला खरखरीत जागा हवी असते. लोक आधी आरशासारखं पॉलिश करतात, मग वरून क्लिअर मारतात, आणि सहा महिन्यांनी तो कांद्याच्या सालीसारखा निघतो. ८०० किंवा १००० ची दुधी काच आयसोप्रोपिलने पुसायची, पूर्ण सुकू द्यायची, चिकट फडक्याने धूळ टिपायची. पहिला हात अगदी हलका, नुसता फवारा बसल्यासारखा, कारण क्लिअरमध्येही थिनर असतो आणि एकदम ओला हात मारला तर माझ्या त्या जुन्या काचेसारखी गत होऊ शकते. दहा मिनिटं थांबून दुसरा हात भरून. हा दुसरा हात पडतो तो क्षण मला इतक्या वर्षांनंतरही आवडतो: फवाऱ्याची बंदूक डावीकडून उजवीकडे जाते आणि तिच्यामागून दुधी काच पाण्यासारखी होत जाते.

गाडीच्या चांगल्या क्लिअरमध्ये अतिनील किरण शोषणारी रसायनं असतातच. माझ्या हातच्या गाड्यांत तीन वर्षं आरामात निघतात, सावलीत राहणाऱ्या त्याहून जास्त. पण हे काम गॅलरीत किंवा सोसायटीच्या पार्किंगमध्ये करू नका. हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. फवारा छातीत गेला तर दमा लागू शकतो, आणि एकदा लागला की सुटत नाही. साधा कापडी मास्क इथे कुचकामी आहे. घासण्याचं काम घरी करा आणि १००० पर्यंत तयार काच घेऊन ओळखीच्या पेंटरकडे जा. तो दुसऱ्या गाडीला क्लिअर मारत असेल तेव्हा तुमच्या दोन काचा पाच मिनिटांत होतात. मजुरी निम्मी वाचते आणि मेहनतीचं काम तुमच्या देखरेखीखाली झालेलं असतं. बाजारात बिनहार्डनरचा क्लिअर स्प्रेच्या डब्यात मिळतो. तो स्वस्त आहे, मारायला सोपा आहे, आणि पेट्रोलचा थेंब उडाला तरी विरघळतो. त्याच्या नादी लागू नका.

दुसरी वाट फिल्मची. रंग वाचवायला बोनेटला लावतात ती पारदर्शक पीपीएफ, टीपीयू नावाच्या लवचिक प्लॅस्टिकची, दीडशे-दोनशे मायक्रॉन जाडीची. क्लिअर सहसा पन्नास-साठ मायक्रॉनचा बसतो, तेव्हा फिल्म चांगलीच जाड. हायवेवर ट्रकच्या मागून उडणारे खडे ती अंगावर घेते, हे क्लिअरला जमत नाही. पुण्या-मुंबईला रोज ये-जा असणाऱ्याला मी फिल्मच सांगतो. तिच्यासाठी मात्र काच १५००, २०००, ३००० अशी पूर्ण उतरवून, कंपाउंडने (पॉलिशच्या पेस्टने) पॉलिश करून नितळ करावी लागते, कारण फिल्म काही झाकत नाही. बफिंग मशीन वापरणार असाल तर फोमचा पॅड, वेग कमी, आणि एका जागी थांबायचं नाही. पॉलिकार्बोनेट दीडशे अंशांच्या आसपास मऊ पडतं, आणि वेगात एका जागी दाबून धरलेल्या पॅडखाली तेवढी उष्णता व्हायला वेळ लागत नाही. फिल्म काही वर्षांनी पिवळी पडलीच तर गरम हवेने सोलून काढायची आणि दुसरी लावायची. खालची काच तशीच असते. नवी गाडी घेणाऱ्यांना तर मी पहिल्याच महिन्यात फिल्म लावा म्हणतो. आजचे एलईडीचे दिवे अख्खे बदलायचे झाले तर एकेकाला वीस-पंचवीस हजार आणि त्याहून बरेच जास्त मोजायला लागतात. त्यापुढे फिल्मचे हजार-दोन हजार काहीच नाहीत.

सिरॅमिक कोटिंगबद्दल सगळे विचारतात. पाणी छान घरंगळतं, धुवायला सोपं जातं. पण थर अगदीच पातळ असतो. उघड्या पॉलिकार्बोनेटवर एकटं सिरॅमिक लावून उन्हाशी लढाई जिंकता येत नाही. क्लिअर पूर्ण वाळल्यावर त्याच्यावर लावलंत तर हरकत नाही. मेण महिना-दीड महिन्याचा पाहुणा, पण दर महिन्याला लावण्याची शिस्त असेल तर तेही चालतं. ती शिस्त मी फार कमी लोकांत पाहिली आहे. माझ्यात नाही.

आता तुमच्या गणपतीचं बघू. भर पावसाळ्यात उघड्यावर क्लिअर मारणं मला पटत नाही. दमट हवेत क्लिअर वाळताना पांढरट झाक धरतो, आणि कडेने पाणी शिरलं तर पकड जाते. बंद बूथ आणि हीटर असलेला पेंटर मिळाला तर मारून घ्या. नसेल तर आत्ता १००० वर न थांबता ३००० पर्यंत उतरवा, कंपाउंडने पॉलिश करा, वर मेणाचे दोन हात द्या आणि बिनधास्त घाट उतरा. दोन-तीन महिने काच चांगली राहील, पावसाळ्यात ऊनही कमी. मग दसरा झाला, आकाश मोकळं झालं, की सकाळच्या वेळी सावलीत ८००-१००० चा हलका हात फिरवून क्लिअर. आधीच घासलेली असल्याने तेव्हा अर्ध्या तासाचं काम आहे. दिवाळीपर्यंत पुढे ढकललंत तर ऑक्टोबरच्या उन्हाने काम वाढवलेलं असेल.

गॅरेजवाला बदला म्हणतो, त्याचं अगदी चूकही नाही. अमेरिकेतल्या ‘एएए’ या वाहनचालकांच्या संघटनेने २०१८ मध्ये तपासणी केली होती. खराब झालेले दिवे नव्याच्या २२ टक्के उजेड देताना आढळले, घासून नीट केलेले सुमारे ७० टक्क्यांपर्यंत आले. पूर्ण शंभर टक्के फक्त कंपनीच्या नव्या दिव्याने. तेव्हा ज्याचं अर्धं आयुष्य रात्रीच्या हायवेवर जातं त्याने हिशेब मांडावा. काचेच्या पोटात तडे, आतला आरसा काळा पडलेला, पाणी शिरतंय, पकडीच्या क्लिपा तुटलेल्या, यातलं काहीही असेल तर बदलाच. तुमच्या गाडीचा दिवा फार महाग नसावा. मात्र बदलताना अगदी स्वस्तातला डुप्लिकेट घेऊ नका. दिसायला सारखा असतो, पण उजेड कुठे पडतो ते देव जाणे, आणि लेप इतका कच्चा असतो की दुसऱ्या उन्हाळ्यात पिवळा. असले दिवे दीड वर्षात माझ्याकडे घासायला आलेत. कंपनीची जुनी काच घासून क्लिअर मारलेली मला कधीही जास्त विश्वासाची वाटते.

काच धुरकट असताना जास्त ताकदीचा बल्ब किंवा एलईडीचा बल्ब टाकणं, हा उपाय अजिबात करू नका. धुरकट काच उजेड अडवते त्याहून जास्त तो विखुरते. मोठा बल्ब टाकलात की विखुरलेला उजेडही तेवढाच वाढतो. रस्ता तसाच अंधारा आणि समोरच्याचे डोळे मात्र दिपतात. घाटात पाऊस-धुकं असेल तर तोच उजेड पांढरी भिंत होऊन तुमच्याच अंगावर येतो. आणि ६०/५५ वॉटच्या जागी १००/९० चा बल्ब टाकला तर होल्डर वितळतो, आतल्या आरशाचा मुलामा जळतो. तो आरसा कुठलाच पॉलिशवाला परत आणू शकत नाही.

काम झाल्यावर काचेचा खरा शत्रू रोज सकाळी येतो, बादली आणि फडका घेऊन. एकाच बादलीतलं पाणी, एकच फडका, आधी चाकं, मग बंपर, मग हेडलाइट, मग पुढची गाडी. त्या फडक्यातली वाळू म्हणजे चालताबोलता वॉटर पेपर. सोसायटीत गाडी पुसणाऱ्याला स्पष्ट सांगा, दिव्यांवर कोरडा हात फिरवायचा नाही, आधी पाणी ओतायचं. कपड्यांची पावडर आणि सोडा तर बिलकूल नको. क्षाराने पॉलिकार्बोनेट मरतं. बोअरचं जड पाणी काचेवर सुकू देऊ नका, त्याचे पांढरे ठिपके काढायला पुन्हा घासावं लागतं. आणि जमेल तेव्हा गाडी उलटी लावा, तोंड भिंतीकडे. फुकटचं संरक्षण आहे.

राहिला उजेडाचा नेम. दिवा काढून बसवला असेल तर तो बघावाच लागतो. सपाट जागी भिंतीसमोर दहा मीटरवर गाडी उभी करा, टायरात हवा बरोबर, डिपरवर (लो बीमवर) दिवा. भिंतीवर उजेडाची वरची सरळ कड दिव्याच्या मध्यापेक्षा साधारण दहा सेंटिमीटर खाली पाहिजे, आणि आपण डावीकडून चालवतो म्हणून डाव्या बाजूला ती थोडी वर चढलेली. कमी-जास्त असेल तर दिव्याच्या मागच्या स्क्रूने जमतं. गणपतीला निघताना मागे चार माणसं, डिकीत सामान, मोदकांचे डबे. गाडीची मागची बाजू बसते आणि नाक वर होतं. स्टीअरिंगजवळ ० ते ३ आकड्यांची छोटी चकती असते, फार कमी जणांनी तिला कधी हात लावलेला असतो. ती २ किंवा ३ वर करा, आणि परत येताना डिकी रिकामी झाली की पुन्हा ० वर आणायला विसरू नका.